पाचव्या वाटीचा माग

चांदीवरची नक्षी पाहायची तर लोक जयपूरची नाहीतर कच्छची वाट धरतात. मी नाशिकचा, चांदीच्या पत्र्यावर नक्षी उठवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, आणि मलाही तसंच वाटायचं. मग दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी, चैत्र सरता सरता, मी ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या मुलखात आठ दिवस हिंडून आलो. तिकडे आमच्या गावचं कुणी हौसेनं जात नाही. मीही हौसेनं गेलो नव्हतो. जे पाहिलं ते मात्र इथल्या सराफकट्ट्यावर सांगितलं तर कुणी खरं मानीना, म्हणून लिहून काढतो आहे.

शहापूर

प्रवासाची सुरुवात माझ्या झोपेनं बिघडवली. आगगाडी कसाऱ्याचा घाट उतरताना खिडकीतून गार वारं आलं आणि डोळा लागला. आसनगावला उतरायचं, तो वाशिंदला जागा झालो. तिथून पेंढ्याच्या बैलगाडीत बसून उलटा आलो. शहापूरला पोचलो तेव्हा अंगावर घाम आणि त्यावर पेंढ्याचं कुसळ, असा अवतार होता. नाशिकचा उन्हाळा कोरडा, चटका देतो आणि मोकळं करतो; इथला अंगाला चिकटून बसतो.

ज्यांनी बोलावलं होतं त्या उमाकाकू दारातच उभ्या होत्या. पस्तिशीच्या, विधवा, बोलायला नेमक्या. भाताचा व्यापार करणारं घर, आणि कारभार धाकट्या दिराकडे, वामनरावांकडे. काकूंचा भाऊ नाशिकचा, त्यानं माझं नाव कळवलेलं. पाणी देऊन झाल्याबरोबर त्यांनी फडताळातून चांदीचं ताट आणि वाट्या काढून माझ्यापुढे ठेवल्या.

ताटाच्या काठाला भाताच्या लोंब्या होत्या, गोल फिरत गेलेल्या. दाणा न् दाणा वेगळा. काही दाणे भरलेले आणि काही पोचट, शेतात असतात तसे. पोचट दाणा मुद्दाम दाखवणारा कारागीर मी तोवर पाहिला नव्हता. आम्ही सगळी कणसं भरघोस काढतो, गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून.

वाट्या मात्र अगदी साध्या दिसल्या. आतून साफ, बाहेरून साफ. आमच्याकडे वाटीच्या पोटावर वेलबुट्टी घालतात, पाहुण्याला दिसायला हवी ना! मी जरा नाराजीनंच एक वाटी उलटी केली आणि माझा हात तिथेच थांबला. बुडाला बैठकीची कडी होती आणि त्या कडीच्या आत, जमिनीला लागणार नाही अशा बेतानं, एका पायावर उभा बगळा. दुसरीला मान आखडून बसलेली ढोकरी. तिसरीला खंड्या, सूर मारायच्या तयारीत. चौथीला चिखलातून पाऊल उचलणारी पाणकोंबडी. कारागिरानं पक्षी वेगळ्या पत्र्यावर, खाली राळेची गादी घेऊन, ठोकून उठवले होते आणि मग तो पत्रा बुडाला डाख देऊन सांधला होता. का, ते लगेच कळलं. नक्षी वाटीवरच ठोकली असती तर आतून खळगे पडले असते आणि त्यात अन्न अडकलं असतं. जेवणाऱ्याची सोय आधी पाहून मग यानं आपली हौस भागवली होती.

एका ताटाला वाट्या पाच असतात. "पाचवी कुठे?" मी विचारलं.

"तेच तर," काकू म्हणाल्या. "मी या घरात आले त्याच वर्षी नाहीशी झाली. विहिरीत पडली म्हणून विहीर उपसली. एकोणीस वर्षं झाली आता. वैशाखात माझ्या सुमनचं लग्न आहे. सासूबाईंची इच्छा होती की हे ताट पहिल्या नातीबरोबर जावं. पण आमच्यात खंडित ताट लेकीला देत नाहीत."

वामनराव कोपऱ्यात पान जुळवत बसले होते. माणूस वाईट नव्हता, फक्त नव्या वस्तूंचा भोक्ता होता. ते म्हणाले, "म्हणून मी म्हणतो, आटवून टाकू. कल्याणचा सोनार येतोय. यंत्राचे सहा पेले होतील, आरशासारखे गुळगुळीत. पोरगी तिकडे मिरवील तरी!"

असलं काम मुशीत जाणार! मी म्हणालो, "पाचवी मी करून देतो."

"नुसती करून नको," काकू म्हणाल्या. "होती तशी हवी. तिच्या बुडाला काय होतं ते आधी पक्कं सांगा. मला राजहंस आठवतो, भावजींना कमळ. खोटी जोडलेली वाटी मी सासूबाईंच्या नावानं देणार नाही. सोनार आजपासून आठव्या दिवशी येतो. तोवर खरं काय ते कळलं तर मी भावजींना थोपवीन. नाही कळलं, तर मग त्यांचंच खरं."

हंस आणि कमळ दोन्ही चूक, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. चारही पक्षी एकाच बाजूला पाहत होते. खाचराच्या पाण्यातले हे चौघे टपून बसलेत म्हणजे पाचव्या वाटीवर मासाच असणार! मी स्वतःवर फार खूश झालो. पण माझ्या तर्काला काकूंनी मान डोलावली नाही. त्यांना तर्क नको होता, माहिती हवी होती.

मुरबाड

ताट घडवणारा कारागीर मुरबाडचा, एवढं काकूंना माहीत होतं. किन्हवलीमार्गे गाडीनं मुरबाडला जायला दोन दिवस मोडले, कारण वाटेत बैलानं नाल उडवली आणि नालबंद लग्नाला गेला होता. त्याच्या ओसरीवर आम्हाला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी मिळाली. आमच्याकडची बाजरीची भाकरी चावावी लागते. ही नुसती तोंडात धरली की विरघळते. मी चार खाल्ल्या आणि गाडीवाल्यानं माझ्याकडे आदरानं पाहिलं.

कारागिराचा नातू रघुशेट बाजारपेठेत दुकान मांडून होता. साठीचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. डोंगरातल्या बायकांसाठी वाळे, जोडवी, गळ्यातल्या हसळ्या, हेच त्याचं काम. आजोबांची हत्यारं त्यानं पेटीतून काढून दाखवली. तांदळाच्या दाण्याएवढ्या टोकाची एक छिन्नी होती. लोंब्या तिच्याच.

"नमुन्याचे कागद?" मी विचारलं.

"आजा कागदावर काय काढीतच नव्हता," रघुशेट म्हणाला. "खाचराच्या बांधावर बसायचा दिवस दिवस. लोक म्हनायचे, सोनार येडा झाला. मंग घरी येऊन ठोकीत बसायचा."

"पण पाचव्या वाटीवर काय होतं, ते कुणाला तरी माहीत असेलच ना?"

तो हसला. "तुमी कोनाकोनाला इचारलं? जेवनाऱ्यांना! त्यांना काय दिसतंय? त्यांच्या वाटीत आमटी. घासनारनीला इचारा. वाटी उपडी तीच करते."

मी कपाळावर हात मारला. सव्वीस वर्षं हेच काम करतोय, पण आपली नक्षी रोज कोण पाहतं हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. काकूंच्या घरी तेव्हा भांडी घासायला सखू नावाची बाई होती, हेही रघुशेटनंच सांगितलं. ती वैशाखऱ्याची. अजून कधीमधी बाजाराला येते, पण शहापूरचं नाव काढलं की उठून जाते, असंही तो म्हणाला.

वैशाखरे

चौथ्या दिवशी दुपारी वैशाखऱ्याला पोचलो. समोर माळशेजच्या घाटाचा कडा असा उभा की मान मागे टाकावी लागते. करवंदांच्या जाळ्या काळ्या झालेल्या. सखूबाईचं घर रस्त्यापासून आत, कुडाचं, सारवलेलं. ती अंगणात नाचणी पाखडत होती. साठीकडे झुकलेली, काटक. तिची लेक चंदा आंब्याच्या फोडी उन्हात घालत होती. ती जवळच्याच वाडीत दिलेली, चार दिवस माहेरी आली होती.

"शहापूरहून आलो," मी म्हटलं. "उमाकाकूंच्या घरून. चांदीच्या वाटीबद्दल विचारायचं होतं."

सखूबाईच्या हातातलं सूप खाली आलं. ती उठून आत गेली. मी चंदाकडे पाहिलं, चंदानं माझ्याकडे. बराच वेळ झाला. वाटलं, म्हातारी रागावली; आता उठावं हे बरं.

मग ती बाहेर आली. हातात फडक्याचं गाठोडं होतं. ते तिनं माझ्यापुढे ठेवून सोडलं. आत काळी ठिक्कर पडलेली एक वाटी होती.

"न्या," ती म्हणाली. "चोरली नाय मी. देवाशपथ नाय."

मी नमुना विचारायला आलो होतो आणि समोर वाटीच होती!

हळूहळू उलगडा झाला. एकोणीस वर्षांपूर्वी सखू बाळंतपणाला इथे आली. चंदा सातव्या महिन्यात झाली, मुठीएवढी. सखूच्या अंगात त्राण नाही, दूध नाही. शहापूरला कळलं तशी काकूंच्या सासूबाईंनी हाताशी होती ती वाटी घेतली, घरच्या तुपानं काठोकाठ भरली, फडकं बांधलं आणि घाटाकडे निघालेल्या एका गाडीवानाबरोबर धाडून दिली. घरात कुणाला सांगायचं राहिलं असावं. पुढच्याच महिन्यात त्या अंथरुणाला खिळल्या आणि गेल्या.

"मग परत का नाही केलीत?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही अडाणी बोललो होतो. "रिकामी? कोनाच्या घरचं भांडं आपन रिकामं धाडतो काय? अन् ही चांदीची. हिच्यात काय घालायचं आमी? नाचनी?"

"काहीही चाललं असतं."

"तुमाला चाललं आसतं," ती म्हणाली. "वाटी जपायची म्हनून कनगीच्या तळाला ठेवली. सुगीला कनगी भरली की वाटी भाताखाली. दिसतच नाय. भात सरत सरत तळ लागला की वाटी वर यायची. तवा घरात घालायला काय नसायचं. दर सालाला मी म्हनायची, औंदा नाय, फुडल्या सालाला. मंग आईसाहेब गेल्या. आता इतक्या वर्सांनी कुठल्या तोंडानं जायचं?"

मला आधी हसू आलं, मग ते विरलं. एकोणीस सुग्या! मी म्हटलं, "आता द्या माझ्याकडे. ते ताट आटवायला निघालेत, वेळ थोडा आहे." आणि सगळी हकीकत सांगितली.

तिनं ऐकून घेतलं. मग वाटी उचलून पदराखाली घेतली. "देते. पन रिकामी नाय नेऊ द्यायची. तूप आलं व्हतं, तूपच जाईल."

"मुरबाडच्या बाजारात चांगलं तूप मिळतं, वाटेत मी..."

"आईसाहेबांनी काय इकतचं धाडलं व्हतं?"

दारात एक गाय, तीही उन्हाळ्यात आटत आलेली. तीन दिवस लोणी साठवायला हवं होतं. चौथा दिवस माझा संपत आलेला, सातव्या सकाळी निघालो तरच आठव्याला शहापूर गाठता येणार. मी बोटं मोजत ओसरीवर बसलो.

त्या तीन दिवसांत मी करवंदं खाऊन जीभ सोलून घेतली, गावातल्या तीन बायकांची जोडवी फुकट दुरुस्त केली, आणि वाटी साफ केली. सखूबाई राख घेऊन आली होती. मी तिला हात जोडले आणि रिठे मागितले. रिठ्याच्या कोमट पाण्यात वाटी बुडवून मऊ फडक्यानं टिपत गेलो. काळेपणा ढगासारखा निघाला आणि बुडाला कडीच्या आतून नांग्या वर केलेला एक खेकडा माझ्याकडे पाहायला लागला.

मासा नव्हता. माझा एवढा तर्क फुकट गेला. पण वाईट वाटायला सवडच मिळाली नाही. इतर चार वाट्या पुढची एकोणीस वर्षंही राखेनं घासून घासून झिजल्या होत्या. बगळ्याचे पंख नुसते अंदाजानं ओळखायचे. ही वाटी कणगीत पडून राहिली, म्हणून तिची नक्षी पुष्कळ शाबूत होती. खेकड्याच्या पायांवरची बारीक लव दिसत होती. डोळे दोन टाचणीच्या टोकांएवढे, बाहेर आलेले. एक नांगी दुसरीपेक्षा मोठी. बिळाच्या तोंडाशी ओल्या चिखलाच्या गोळ्या, आणि एका गोळीवर बोटाचा ठसा उमटावा तसा दाब. चांदी ओली दिसत होती! असं माझ्या हातून कधी झालं नाही, आणि होणारही नाही, हे मी तिथल्या तिथे मान्य केलं. मी आणलेली हत्यारांची पिशवी आता निरुपयोगी होती. कारागीर म्हणून थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. पण आनंद त्याहून मोठा होता.

"हाच," सखूबाई अंगठा फिरवून म्हणाली. "हितं टोचायचा. रोज शिव्या देयाची मी याला."

सातव्या पहाटे तिनं लोणी कढवलं आणि वाटीत ओतलं. बोटभर कमी पडलं.

"चालेल," मी म्हटलं. "खरंच चालेल."

"काठोकाठ आली व्हती," ती म्हणाली आणि खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, वाटी पुन्हा कणगीत जाते! चंदा उठली, बांधावरून धावत सासरच्या वाडीला गेली, आणि वाटीभर तूप घेऊन धापा टाकत आली. सासू म्हणाली होती, सून आमच्या घरात नांदते, मग या तुपात आमचाही वाटा आहे. सखूबाईनं ते नाकाला लावून पाहिलं आणि घेतलं.

वाटी मात्र तिनं माझ्याकडे दिली नाही. चंदाकडे दिली.

पुन्हा शहापूर

मुरबाडपर्यंत तांदळाच्या मोटारीत जागा मिळाली, पुढे बैलगाडी. चंदानं वाटी मांडीवर घेतली ती दीड दिवस सोडली नाही. जेवली एका हातानं. काळू नदीच्या पात्रात गाडी वाळूत रुतली तेव्हा ती खाली उतरून, वाटी डोक्याच्या वर धरून, गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेली. मी आणि गाडीवाला चाकाला खांदा देत होतो. पाय घसरून मी बसकण मारली, तर पैलतीरावरून ती हसली आणि ओरडली, "तुमी पडा, वाटी नाय पडत!"

आठव्या दिवशी दुपारी आम्ही दारात पोचलो. पडवीत कल्याणचा सोनार बसला होता. शेगडी फुललेली, मूस बाजूला, ताट आणि चार वाट्या तागडीजवळ. वामनराव सुपारी कातरत होते. काकू खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलायच्या आधी चंदा पुढे झाली आणि वाटी त्यांच्या हातात दिली.

काकूंनी फडकं सोडलं. "तूप? कुणाकडचं?"

"तुमचंच," चंदा म्हणाली. सगळ्यांसमोर बोलायची तिला सवय नव्हती, मान खाली होती. "तुमच्या सासूबायनी धाडलं व्हतं. मी झाले तवा. मी जगनार नाय, आसं समदे म्हनत व्हते. वाटी परत देयाला उशीर झाला. आय बोलली, माफी करा."

काकूंना समजायला थोडा वेळ लागला. त्यांनी वाटी वर धरून बुडाकडे पाहिलं, मग चंदाकडे, तिच्या पायांपासून डोक्यापर्यंत, पुन्हा पुन्हा. "सासूबाई शेवटी वाटी, वाटी म्हणत होत्या," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, हरवल्याची रुखरुख आहे. त्या तुझी चौकशी करत होत्या गं!" आणि त्या सगळ्यांदेखत रडल्या.

वामनरावांनी तूप दुसऱ्या भांड्यात काढून घेतलं आणि वाटी उलटी केली. मग जमिनीवर बसून त्यांनी चारही वाट्या उपड्या मांडल्या, शेवटी ही ठेवली, आणि एकदम मोठ्यानं हसले. "अहो, हे चौघे याच्यावर टपलेत! आणि हा बेटा घाबरतच नाही! वहिनी, या, बघा!" जन्मभर ते त्या वाट्यांत जेवले होते. सोनारही वाकून पाहू लागला. त्यानं आपण होऊन मूस पिशवीत घातली.

"शेगडी पेटलीच आहे," काकू डोळे पुसत म्हणाल्या, "तर भात टाका. सगळे जेवूनच जा."

चंदाला त्याच ताटावर बसवलं. ती नको नको म्हणत होती, पण सुमननं तिला हाताला धरून पाटावर आणलं. गरम भात, वरण आणि तिच्या घरचं तूप. मी आजवर पुष्कळ पंगतींत जेवलो आहे. चांदीला शोभेल असा भात मात्र मी त्या दिवशी पाहिला.

संध्याकाळी गाडी मुरबाडकडे परतायची होती. चंदा निघाली, तसं काकूंनी तिचं ते तुपाचं फडकं धुऊन वाळवून हातात घेतलं. देणार, तेवढ्यात थांबल्या. "रिकामं कसं देऊ?" म्हणाल्या, आणि आत गेल्या. डबे उघडल्याचे आवाज आले. एक झाला, दुसरा झाला. लाडू नकोत, साखर नको, तांदूळ तर नकोतच; त्या मुलीला शोभेल असं काहीच त्यांना सापडेना. मी मनात म्हटलं, आता हे फडकं किती वर्षं अडकून पडतंय!

चंदा दारातून आत डोकावली. "काकी, ऱ्हाऊ द्या फडकं," ती म्हणाली. "सुमनताईच्या लग्नाला मी अन् आय येऊ, तवा नेऊ."